एआयच्या शर्यतीत आपला उद्योजक कुठे?

केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये सुमारे 10,372 कोटी रुपयांच्या ‘इंडिया एआय मिशन’ला मंजुरी दिली. लहान उद्योगांनी डिजिटल व्हावे, कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजेच एआय वापरावी, असा आग्रह आता सरकार, बँका आणि उद्योग संघटना अशा सगळ्यांकडूनच होतो आहे. या आग्रहाला आमचा विरोध नाही. पण ही मदत कोणापर्यंत पोहोचते, हे कोण मोजणार?

‘सूक्ष्म उद्योग’ हा शब्दच पाहा. 1 एप्रिल 2025 पासून 10 कोटी रुपयांपर्यंत उलाढाल आणि अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक असलेला उद्योग सूक्ष्म ठरतो. म्हणजे वस्तीत झेरॉक्स आणि फ्लेक्सचे दुकान चालवणारा आपला तरुण आणि एमआयडीसीतला नऊ कोटींचा कारखानदार एकाच रांगेत उभे आहेत. सूक्ष्म उद्योगांसाठी प्रशिक्षण झाले, अनुदान वाटले, असा अहवाल येतो, तेव्हा रांगेत पुढे कोण होते हे त्यातून कळत नाही.

याचा अनुभव समाजाला आधीपासून आहे. केंद्राच्या 2012 च्या खरेदी धोरणानुसार केंद्रीय मंत्रालये आणि सार्वजनिक उपक्रमांनी वार्षिक खरेदीच्या 4 टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योजकांकडून करायची आहे. हे उद्दिष्ट वर्षानुवर्षे अपुरेच राहिले. त्यासाठी ऑक्टोबर 2016 मध्ये ‘राष्ट्रीय अनुसूचित जाती-जमाती हब’ सुरू झाले. त्याच वर्षी सरकारी खरेदीचे ‘जेम’ पोर्टलही आले. पोर्टलमुळे निविदा घरबसल्या दिसू लागल्या हे खरे, पण दिसणे वेगळे आणि मिळणे वेगळे.

यात आपल्या हातातलेही काही आहे. उद्यम नोंदणीच्या अर्जात सामाजिक प्रवर्ग विचारला जातो. अनेक बौद्ध तरुण तिथे संकोचाने किंवा गैरसमजाने ‘सर्वसाधारण’ निवडतात. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर केंद्राच्या सवलती आपल्याला नाकारल्या गेल्या. त्या मिळण्यासाठी 1990 ची दुरुस्ती व्हावी लागली. त्यासाठी समाज रस्त्यावर उतरला होता. तो हक्क मोबाइलवरच्या एका चुकीच्या बटणाने सोडून देऊ नये. भागीदारी किंवा खासगी कंपनी असेल, तर किमान 51 टक्के हिस्सा अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींकडे हवा, हेही लक्षात ठेवावे.

मग एआयचे काय? आमच्या मते आपल्या लहान उद्योजकासाठी तिचा पहिला उपयोग साधा आहे. इंग्रजीतली चाळीस पानी निविदा मराठीत समजून घेणे, कोटेशन आणि पत्र नीट लिहिणे, उधारीचा हिशेब लावणे. इंग्रजी आणि ओळखी या दोन भिंतींनी आपल्या लोकांना कायम बाहेर ठेवले. त्यातली पहिली भिंत हे तंत्र थोडी खाली आणू शकते. मात्र यंत्र चुकीची माहितीही ठामपणे सांगते. अटी, रकमा आणि तारखा मूळ कागदावर तपासल्याशिवाय सही करू नये. ग्राहकांचे आधार क्रमांक, बँक तपशील त्यात टाकू नयेत.

दुसरी भिंत अधिक अवघड आहे. कर्ज द्यायचे की नाही, हे ठरवताना यूपीआयचे व्यवहार, जीएसटीची विवरणपत्रे आणि पूर्वीच्या कर्जांची नोंद यंत्राने तपासली जाऊ लागली आहे. यंत्राला जात विचारावी लागत नाही. पिनकोडवरून वस्ती कळते, आडनावावरून बरेच काही कळते. ज्या वस्तीला बँकांनी कधी कर्जच दिले नाही, तिची जुनी नोंद रिकामी असते आणि यंत्र त्या रिकामेपणाला जोखीम समजू शकते. पूर्वी नकार देणाऱ्या अधिकाऱ्याशी भांडता तरी येत होते. यंत्राच्या नकाराला चेहराच नाही.

1938 साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले होते. हे दोन्ही एका सॉफ्टवेअरमध्ये एकत्र येणार असतील, तर गप्प राहून चालणार नाही. म्हणून आमच्या तीन मागण्या आहेत. डिजिटल आणि एआय योजनांच्या लाभार्थ्यांची आकडेवारी प्रवर्गनिहाय जाहीर करावी. कर्ज नाकारल्याचे कारण अर्जदाराला त्याच्या भाषेत लेखी द्यावे. आणि त्या नकाराची फेरतपासणी माणसाने करावी.

मागण्यांसोबत कामही हवे. विहारात रविवारी वंदनेनंतर दोन तास द्या. एक लॅपटॉप आणि दोन जाणकार तरुण पुरेसे आहेत. वस्तीतल्या प्रत्येक व्यावसायिकाची उद्यम नोंदणी तपासा, प्रवर्ग बरोबर करून घ्या, वस्तू बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना जेमवर आणा. सम्यक आजीविका हे अष्टांगिक मार्गाचे अंग आहे. समाजबांधवाचा प्रामाणिक धंदा उभा राहावा यासाठी दिलेले हे दोन तास धम्मकार्यच आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!