देवघरातील काली आणि पडद्यावरील काली

नवरात्राचे दिवस. मुलुंड वा बोरीवलीच्या एखाद्या मराठी घरात घट बसलेला असतो. देवीपुढचा नंदादीप विझू नये म्हणून आजी रात्री दोनदा उठते. आणि बाहेरच्या खोलीत नातू संगणकावर जुना व्हिडिओ गेम खेळत बसलेला असतो. त्याच्या पडद्यावर चाबूकधारी अमेरिकन नायक कालीच्या मंदिरात शिरतो, तिच्या उपासकांना फटकारतो, त्यांनी कोंडलेली मुले सोडवतो. ज्या मातेपुढे आजी हात जोडते, तीच नातवाच्या पडद्यावर नरबळी मागणारी राक्षसी झालेली असते!

'इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम' हा अटारी गेम्सचा खेळ १९८५ सालचा. खेळ म्हणूनही त्यात फार काही नाही. खाण, रुळांवरून धावणारी गाडी आणि मंदिर, याच तीन टप्प्यांचा फेरा. १९८८ साली निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रासाठी निघालेली आवृत्ती तर अधिकच निराशाजनक. एकसारख्या भुयारांत वाट चुकत राहणे म्हणजेच साहस, अशी तिच्या निर्मात्यांची समजूत असावी.

परंतु खेळ रटाळ म्हणून त्याचे विष सौम्य ठरत नाही. त्याचे मूळ आहे स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या १९८४च्या चित्रपटात. भारत सरकारने पटकथेत बदल मागितले. निर्मात्यांनी ते न मानता श्रीलंकेत कँडीजवळ 'भारत' उभा केला. परिणामी या भारतातील खेडूत सिंहली बोलतात! राजवाड्यातील मेजवानीत माकडाचा मेंदू वाढला जातो आणि कालीचा पुजारी जिवंत माणसाचे हृदय हाताने उपटतो. हा पुजारी रंगवला तो मुंबईच्याच अमरीश पुरी यांनी. त्यांच्या अभिनयाविषयी दुमत नाही. खंत आहे ती त्या अभिनयाचा वापर कशासाठी झाला याची.

ठग होते, हे कोण नाकारतो? १८३०च्या दशकात स्लीमनने त्यांचा बंदोबस्त केला. पण ते रुमालाने गळा आवळून वाटसरूंना लुटणारे दरोडेखोर होते. इंग्रजांच्या नोंदींप्रमाणे ते देवीचे नाव घेत, हे खरे. परंतु त्याच नोंदींनुसार त्यांच्या टोळ्यांत हिंदूंबरोबर मुसलमानही होते. लुटारूंच्या त्या धंद्याला कालीचा धर्म ठरवणे म्हणजे दक्षिणेश्वरी रामकृष्ण परमहंसांनी जिला 'आई' म्हणून आळवले, तिचा घोर अपमान होय.

'ही केवळ कल्पना आहे,' असे तथाकथित उदारमतवादी सांगतील. चित्रपट दोन तास पाहून विसरता येतो. खेळात मात्र चाबूक मुलाच्याच हातात असतो आणि प्रत्येक फटक्याला गुण मिळतात. संस्कार याहून वेगळा कसा घडतो?

मात्र केवळ निषेधाने हा प्रश्न सुटत नाही. या चित्रपटावर भारतात काही काळ बंदी होती. तिने अटारीचा खेळ अडला नाही. शिवाय हिंदू समाजाने स्वतः काय घडवले? २००९ साली हैदराबादच्या कंपनीने 'हनुमान: बॉय वॉरियर' हा प्लेस्टेशनवरील खेळ काढला. नाव मारुतीरायाचे, पण कारागिरी इतकी कच्ची की मुलांनी पाठ फिरवली. श्रद्धेच्या बळावर सुमार वस्तू खपत नाही, हा धडा तेव्हाच मिळाला.

तो धडा पुण्यात गिरवला गेला. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूचा लोकवर्गणीचा प्रयत्न २०१७ साली फसला. तरीही २०२० साली त्यांचा 'राजी' जगापुढे आला. अपहृत भावाच्या शोधात निघालेली एक सामान्य मुलगी आणि तिच्या पाठीशी दुर्गेचा आशीर्वाद! येथेही मुलांना सोडवायचे आहे, पण देवी मुले कोंडणाऱ्यांच्या नव्हे, सोडवणारीच्या बाजूने उभी आहे. 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम खेळांत त्याला नामांकनही मिळाले.

घाटकोपर-अंधेरीच्या सुशिक्षित घरांतील मुले संगणक अभियंते होतात आणि परदेशी कंपन्यांचे खेळ घडवण्यात धन्यता मानतात. त्यांच्यापैकी चार जणांनी जरी आपल्या देवघरातील कथा हाती घेतली, तरी पुष्कळ होईल. पालकांनीही मुलाच्या हातातून खेळ हिसकावण्यापेक्षा शेजारी बसून खरी काली कोण, हे त्याला सांगावे. आजीचा नंदादीप आणि नातवाचा पडदा यांत एका भिंतीचेच अंतर आहे. ते ओलांडण्याचे काम हॉलिवूड करणार नाही. ते घरातल्यांनीच करायचे आहे.