गोंगाट कोणाचा?

तळवड्याच्या औद्योगिक पट्ट्यात आवाजाचे कोणास वावडे आहे, असे आम्हांस कधी जाणवले नाही. पत्र्याच्या शेडमधील प्रेस रात्रपाळीतही धडधडत असतात, वरातीत डीजेच्या भिंती उभ्या राहतात, आणि आपण खिडक्या लावून मुकाट्याने झोपतो. परंतु एखाद्या मुलीने इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवली किंवा ड्रमच्या काठ्या हाती घेतल्या की आपल्या कानांना एकाएकी संस्कृती आठवते.

इंडोनेशियातील गारुत भागातल्या एका खेड्यात मार्सिया, विदी आणि सिती या तीन शाळकरी मुलींनी २०१४ साली हेवी मेटल वाजवणारा बँड काढला. शाळेतील एका शिक्षकांच्या लॅपटॉपवर त्यांनी हे दणदणीत संगीत प्रथम ऐकले होते. बँडचे नाव ‘व्हॉइस ऑफ बाचेप्रोत’. बाचेप्रोत म्हणजे त्यांच्या सुंदानी बोलीत गोंगाट! डोक्यावर हिजाब आणि हातात गिटार, हे दृश्य गावाला सोसवेना. धमक्या आल्या, मार्सियाच्या डोक्यावर दगडही बसला. मुली मात्र हटल्या नाहीत. देवाकडे संगीताची परवानगी मागणारे एक गीतच त्यांनी रचले. २०२२ मध्ये जर्मनीतील वाकेन येथे, मेटल संगीताच्या पंढरीत, त्या वाजवून आल्या. २०२४ च्या जूनमध्ये इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात वाजवणारा पहिला इंडोनेशियन बँड त्यांचाच ठरला.

आपल्याच देशात श्रीनगरच्या ‘प्रगाश’ या रॉक बँडमधील तीन शाळकरी मुलींचे नशीब एवढे बलवत्तर नव्हते. फेब्रुवारी २०१३ मध्ये तेथील मुफ्तींनी त्यांचे गाणे धर्मबाह्य ठरवले, आणि जेमतेम एक जाहीर कार्यक्रम केलेल्या त्या मुलींनी वाद्ये खाली ठेवली.

“त्यांच्यात असेच चालायचे,” म्हणून मान डोलावणाऱ्या वाचकांनी क्षणभर थांबावे. पोप दहावे पायस यांनी चर्चसंगीताविषयी काढलेल्या आज्ञापत्रात स्त्रियांना गायनवृंदात घेण्यास मनाई होती. ढोल आणि झांजाही त्याच पत्राने बाहेर काढल्या. पत्राची तारीख २२ नोव्हेंबर १९०३. म्हणजे संगीताची आश्रयदाती संत सिसिलिया हिचाच सण! व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६७ च्या सूचनापत्राने स्त्रियांचे गायनवृंदातील स्थान स्पष्टपणे मान्य केले. कागदावरची मनाई गेली. मनातली?

याच पट्ट्यातील एका धर्मग्रामात दोन वर्षे ड्रम शिकलेल्या मुलीला सांगण्यात आले, की मुलींनी खंजिरी घ्यावी. ड्रमवर बसण्याची ढब मुलींना शोभत नाही. ताल न सांभाळणारा एक मुलगा आता तेथे बसतो, आणि तो पुरुष असल्यामुळे त्याचे सगळे खपून जाते.

मिस्साबलिदानात हेवी मेटल वाजवा, असे आमचे म्हणणे नाही. खरे सांगायचे तर दुसऱ्या गाण्याला आमचेही डोके दुखू लागते. पण ‘शोभत नाही’ या शब्दांशी आमचे भांडण आहे. मुलींच्या काळजीपोटी असे बोलतो, असा खुलासा केला जातो. ८ डिसेंबर २०२३ रोजी, निष्कलंक मातेच्या सणादिवशी, याच तळवड्यात वाढदिवसाच्या केकवरच्या फुलबाजी मेणबत्त्या बनवणाऱ्या अनधिकृत कारखान्यात आग लागली. मृतांत बहुतेक स्त्रियाच होत्या. पोटासाठी बायकांनी दारूच्या भुकटीशेजारी दिवसभर बसावे, हे शोभते काय, असे त्या दिवसापूर्वी कोणी विचारले होते? मजुरी करणारे हात चालतात. त्याच हातांनी मनाजोगा ताल धरला की मर्यादा आडव्या येतात.

त्या मुलीची खंजिरी काढून घ्या आणि तिला नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला ड्रमवर बसवा, एवढीच आमची धर्मग्रामाच्या मंडळींना विनंती आहे. तिचा ताल चुकला तर आम्ही स्वतः तिला सांगू. मुलाचा चुकतो तेव्हा कोणीच सांगत नाही.