गटारातले मरण आणि हात झटकणारे धनी

सन २०१३ च्या ऑगस्टमध्ये, २९ तारखेस, नव्या कंपनी कायद्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली. त्यानंतर अवघ्या वीस दिवसांनी, १८ सप्टेंबर रोजी, दुसऱ्या एका कायद्यास त्यांची संमती मिळाली. हाताने मैला साफ करण्याच्या कामी माणसे नेमण्यास मनाई करणारा आणि त्या माणसांच्या पुनर्वसनाची हमी देणारा तो कायदा. पहिल्या कायद्याने देशातील धनवान कंपन्यांना सांगितले की, तुमच्या नफ्यातील शेकडा दोन भाग समाजाच्या कामी लावा. दुसऱ्याने सरकार, पालिका, मक्तेदार व घरमालक या सर्वांना बजावले की, कोणाही माणसास गटारात वा संडासाच्या टाकीत जीव धोक्यात घालून उतरवू नका. हा दुसरा कायदा अमलात आणण्यासाठी केंद्र सरकारने जो दिवस निवडला तो होता ६ डिसेंबर. ती निवड करताना सरकारच्या मनात काय होते हे आम्हास ठाऊक नाही. परंतु त्या दिवशी चैत्यभूमीच्या रांगेत उभ्या असलेल्या हजारो कुटुंबांत अशी कितीतरी कुटुंबे होती की ज्यांच्या घरचा कर्ता पुरुष दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मॅनहोलचे झाकण उचलणार होता.

त्यानंतर काय घडले? सरकारचाच आकडा घ्यावा. २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारे आणि टाक्या साफ करताना ३७७ माणसे मेली, असे केंद्र सरकारने संसदेत सांगितले. हा नोंद झालेल्यांचा हिशेब आहे. ९ सप्टेंबर २०१८ रोजी दिल्लीच्या मोतीनगर भागात एका आलिशान गृहसंकुलाच्या सांडपाणी केंद्रात पाच मजूर गुदमरून मेले. मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यातील सोनपेठ तालुक्यात शेतातील घराची टाकी उपसताना पाच जण गेले. एप्रिल २०२४ मध्ये विरारच्या एका मोठ्या वसाहतीत चौघे गेले. दिल्ली काय, विरार काय आणि सोनपेठ काय, मरणाची तऱ्हा एकच.

ती तऱ्हा आमच्या वाचकांनी नीट समजून घेतली पाहिजे. कारण 'अपघात' या शब्दाच्या आड ती नेहमी दडविली जाते. बंद टाकीत मैला कुजतो, तेव्हा हायड्रोजन सल्फाईड, मिथेन यांसारखे वायू साचतात आणि प्राणवायू कमी होतो. हायड्रोजन सल्फाईडला कुजक्या अंड्यासारखी घाण येते हे पुष्कळांस माहीत असते. परंतु तो वायू फार झाला की माणसाचे नाकच बधिर होते आणि घाण येईनाशी होते. 'आता वास कमी झाला' असे समजून माणूस खाली उतरतो आणि चारदोन श्वासांतच कोसळतो. वरचा सोबती हाक मारतो, ओ येत नाही, तेव्हा तो धावत शिडी उतरतो. त्याच्यामागून तिसरा. एकाच्या घटनेत तीन-तीन, पाच-पाच प्रेते निघतात ती यामुळे. मेलेल्यांतला पहिला पोटासाठी मेला. बाकीचे सोबत्याला वाचविताना मेले. वायू मोजण्याचे हातात मावेल एवढे यंत्र, कंबरेला पट्टा, वर ओढून घेण्यासाठी दोर, हवा खेळती ठेवणारा पंखा आणि मुळात माणसाला उतरावेच लागू नये म्हणून मैला शोषून घेणारी गाडी, एवढ्या गोष्टी असत्या तर यांतील बहुतेक माणसे आज घरी असती. यांतली एकही वस्तू चंद्रावरून आणावयाची नाही. २०१३ च्या कायद्याखालील नियमांत संरक्षक साधनांची चव्वेचाळीस नावांची यादी आहे. तरीही २०२२ आणि २०२३ मधील ५४ मृत्यूंची जी तपासणी सरकारनेच करविली, तिच्यात असे आढळले की ४९ जणांच्या अंगावर एकही साधन नव्हते. उरलेल्या पाचांपैकी बहुतेकांजवळ फक्त हातमोजे होते.

आता या मृत्यूंचे सरकार काय करते ते पहावे. २०२१ च्या पावसाळी अधिवेशनात केंद्र सरकारने सांगितले की, हाताने मैला साफ करण्यामुळे देशात एकही मृत्यू झालेला नाही. त्याच अधिवेशनात त्याच सरकारने सांगितले की, गटारे आणि टाक्यांच्या धोकादायक सफाईत ९४१ माणसे मेली आहेत. ही दोन्ही विधाने एकाच तोंडून कशी निघतात असे वाचक विचारतील. आम्ही वकिली करतो, म्हणून ही मखलाशी उलगडून सांगणे आमचे काम आहे. कायद्यात 'मैला वाहणारा' कोण याची व्याख्या आहे. त्या व्याख्येच्या पोटात एक स्पष्टीकरण आहे की, सरकारने नेमून दिलेली साधने वापरून जो मैला साफ करतो त्यास 'मैला वाहणारा' समजू नये. गटारात उतरणाऱ्यासाठी 'धोकादायक सफाई' हे वेगळेच कलम आहे. आणि तीही धोकादायक केव्हा, तर मालकाने साधने दिली नसतील व काळजी घेतली नसेल तेव्हाच. म्हणजे माणसाने मैल्यात उतरणे यास कायद्याने सर्वस्वी मनाई केलेलीच नाही. विनासाधन उतरविण्यास मनाई केली आहे. एकदा अशी दोन खाती पाडली की, मेलेला माणूस या खात्यातून त्या खात्यात टाकता येतो आणि पहिल्या खात्याची बाकी शून्य दाखविता येते. मग प्रत्येक जिल्ह्याकडूनच लिहून घ्यावयाचे की, आमचा जिल्हा या प्रथेपासून मुक्त झाला. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्यानेच निकालपत्र लिहावयाचे! असे एखाद्या दिवाणी दाव्यात कोणी मागितले असते तर न्यायाधीशाने त्यास बाहेर घालविले असते.

आणि ही आजची गोष्ट नव्हे. या विषयावरील पहिला कायदा १९९३ चा. सफाई हा राज्यांचा विषय, म्हणून ज्या सहा राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून संसदेस हा कायदा करावयास सांगितले त्यांत महाराष्ट्र आणि गोवा ही दोन राज्ये होती. म्हणजे आपल्या राज्यास 'आम्हाला ठाऊक नव्हते' असे म्हणण्याची सोय नाही. तो कायदा अमलात यावयास २६ जानेवारी १९९७ उजाडला. २००३ मध्ये सफाई कर्मचारी आंदोलनाने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. निकाल लागला २७ मार्च २०१४ रोजी. मध्यंतरी २०११ च्या जनगणनेने दाखवून दिले की, देशातील ७ लाख ९४ हजारांहून अधिक संडासांतील मैला अजून माणूसच उचलतो आहे.

सरकारचे असे आहे, तर भांडवलदारांचे काय? कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्या दरवर्षी जो दोन टक्के खर्च करतात, त्याच्या यादीत स्वच्छतेचे नाव ठळक आहे. शाळेच्या भिंतींवर झाडूची चित्रे रंगवावी, उद्‌घाटनाला मंत्र्याला बोलवावे, अहवालात छायाचित्र छापावे. हा खर्च वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. खेड्यातील मुलींच्या शाळेत संडास झाला तर तो कोणाच्याही पैशाने झालेला आम्हास हवाच आहे. परंतु नियमांतील एक बारकावा पहा. कंपनीच्या नेहमीच्या धंद्यातील काम आणि केवळ तिच्याच नोकरांच्या हिताचे काम या खर्चात धरता येत नाही. नफ्याचा पैसा स्वतःच्याच घरात फिरवू नये हा त्यामागील हेतू रास्त आहे. पण परिणाम असा झाला आहे की, 'सामाजिक जबाबदारी' म्हणून जी मिरवावयाची ती फाटकाबाहेरची. आणि फाटकाच्या आत जी टाकी तुंबते तिची जबाबदारी मक्तेदाराची. मक्तेदार ती उपमक्तेदाराला देतो, तो मुकादमाला, आणि मुकादम नाक्यावरच्या तीन पोरांना. तीन पोरे! १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याला निदान वीस कामगार लागत. २०२० च्या संहितेने ती संख्या पन्नासवर नेली. टाकीत उतरायला पन्नास माणसे कोण बोलावतो? वर सांगितलेल्या ५४ मृतांपैकी ३८ जण असेच सुटेसुटे, एकेकट्याने ठरवून घेतलेले होते. सरकारी पगारावर होते अवघे पाच. मरणाचा असा मक्ता दिला म्हणजे पगारपत्रकावर नाव नाही, हजेरीपटावर नाव नाही, विमा नाही. आणि माणूस मेला की त्याचा कोणी धनीही नाही.

गृहनिर्माण सोसायट्यांविषयीही बोललेच पाहिजे, कारण तेथे राहणारे सुशिक्षित आहेत आणि त्यांपैकी काही आता आपलेही आहेत. पदव्या घेऊन, नोकऱ्या मिळवून आपली काही कुटुंबे चाळीतून सदनिकेत गेली, याचा आम्हास अभिमान आहे. परंतु सोसायटीच्या सभेत टाकी साफ करण्याचे तीन भाव वाचले जातात आणि सर्वांत कमी भाव मंजूर होतो, तेव्हा त्या भावात यंत्र आहे की माणूस आहे हे विचारणारा एक तरी आवाज त्या सभेत उठतो काय?

आमच्याकडे एक विधवा बाई आली होती. नवऱ्याला जाऊन तेरा दिवसही झाले नव्हते. तिच्या हाती मुद्रांकाच्या कागदाची छायाप्रत होती. मक्तेदाराचा माणूस तिसऱ्या दिवशीच घरी येऊन दीड लाख रुपये देऊन गेला होता. कागदावर लिहिले होते की, मयत हा स्वखुशीने, कोणी न सांगता टाकीत उतरला आणि आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही. 'दादा, अंगठा दिला नसता तर ते पैसेपण गेले असते ना?' असे तिने विचारले. त्या प्रश्नाला कायद्याच्या पुस्तकात उत्तर आहे. परंतु तिसऱ्या दिवशी, चूल पेटलेली नसताना, ते पुस्तक तिच्या दारी कोण घेऊन जाणार होता?

हे मरण कोणाच्या वाट्याला येते हेही सरकारी नोंदीच सांगतात. गटारे व टाक्या साफ करणाऱ्या ज्या अडतीस हजार कामगारांची नोंद 'नमस्ते' योजनेखाली २०२४ पर्यंत झाली, त्यांत शेकडा ६८.९ अनुसूचित जातींचे आहेत. यंत्र बदलले, मालक बदलला, वेतनाची पद्धत बदलली. जात तेवढी बदलली नाही. महाडच्या १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडा, गावकीची हलकी कामे सोडा, असे सांगितले आणि आपल्या वाडवडिलांनी उपासमार पत्करून ती सोडली. धम्मदीक्षेने तर त्या कामांमागचा सगळा धर्माधार उखडला. परंतु शहरात आलेल्या कित्येक कुटुंबांना खराट्याखेरीज दुसरी नोकरी दिसली नाही. लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे महाराष्ट्रात सफाई कामगाराच्या वारसाला त्याच्या जागी नोकरी मिळते. हा हक्क लढून मिळविलेला आहे आणि तो जपलाच पाहिजे. पालिकेची ती पक्की नोकरी, तो निवृत्तिवेतनाचा आधार, ती खोली, यांवरच आपली पुष्कळ मुले शिकली. पण बी.ए. झालेला मुलगा केवळ खोली जाऊ नये म्हणून बापाचा खराटा हाती घेतो, तेव्हा त्यास हक्क म्हणावे की बेडी म्हणावे, हा प्रश्न आम्हास सुटलेला नाही. आणि आता त्या पक्क्या जागाच न भरता तीच कामे मक्त्याने दिली जात आहेत. खराटा राहतो, हक्क जातो.

न्यायालयांनी मात्र पुष्कळ केले, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. २०१४ च्या निकालाने १९९३ पासून गटारांत मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबास दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडी येथे एका खाजगी सोसायटीच्या टाकीत तिघे मेले, तेव्हा त्यांच्या विधवा मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. खाजगी जागेतील मृत्यूशी सरकारचा काय संबंध, ही पळवाट सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने बंद केली: आधी सरकारने पैसे द्यावेत, मग जबाबदार इसमांकडून ते वसूल करावेत. २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही रक्कम तीस लाख केली. कायमचे अपंगत्व येऊन कमाई बुडाली तर निदान वीस लाख, इतर अपंगत्वास निदान दहा लाख. २९ जानेवारी २०२५ रोजी त्याच न्यायालयाने मुंबईसह सहा महानगरांत हाताने गटारसफाई बंद करण्याचा आदेश दिला. १९९३ आणि २०१३ या दोन कायद्यांनंतर तेच पुन्हा न्यायालयास सांगावे लागले, याची लाज न्यायालयास नव्हे, सरकारला वाटावयास हवी. आणि सोनपेठ काही महानगर नाही.

यास्तव आमच्या वाचकांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात व शेजारीपाजारी सांगाव्यात. असा मृत्यू घडला तर पोलीस 'अकस्मात मृत्यू' म्हणून नोंद करू पाहतील. ती पुरेशी नाही. २०१३ च्या कायद्याच्या कलम ७ व ९ खाली गुन्हा नोंदवावयास सांगावे. तो दखलपात्र व अजामीनपात्र आहे. मयत अनुसूचित जातीचा असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम ३(१)(जे) लावण्याचा आग्रह धरावा; २०१५ च्या दुरुस्तीने ते घातले गेले आहे. प्रथम खबरीची प्रत फुकट मिळते, ती घ्यावी. शवविच्छेदनाचा अहवाल आणि पंचनाम्याची प्रत जपून ठेवावी. मृताने काम कोणाच्या सांगण्यावरून घेतले हे जाणणाऱ्या सोबत्यांची नावे त्याच दिवशी लिहून ठेवावीत, कारण महिन्याभराने ते सोबती कोठे असतील हे सांगता येत नाही. मक्तेदाराने आणलेल्या कोणत्याही कागदावर सही वा अंगठा देऊ नये. आणि आधीच दिला असेल तर घाबरू नये, कारण तीस लाखांचा हक्क न्यायालयाच्या आदेशाने सरकारकडून मिळावयाचा आहे, मक्तेदाराच्या कृपेने नव्हे. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी द्यावा व पोच घ्यावी. वकिलाच्या खर्चाची चिंता करू नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीच्या माणसास, त्याचे उत्पन्न कितीही असो, जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो. जाताना जातीचा दाखला, शिधापत्रिका आणि प्रथम खबरीची प्रत सोबत न्यावी.