बोडीवरची तोंडी परीक्षा

विद्यापीठात विविधता जपायची म्हटलं की एक ठरलेला आक्षेप येतो: इथे फक्त गुणवत्ता पाहा, जात, बोली, गाव गेटबाहेर ठेवा. आक्षेप घेणारे बरेचदा प्रामाणिक असतात. पण बाहेर ठेवायचं कुणी? नागपूरच्या वसाहतीतला मुलगा परीक्षकाचीच भाषा घरून घेऊन येतो. लाखांदूरकडची मुलगी तोंडी परीक्षेत ‘पानी’ म्हणाली की समोरचा हसतो. मग येत असलेलं उत्तरही ती गिळते आणि गुण जातात. प्रमाण मराठी तिला यायलाच हवी. कोर्टात, स्पर्धा परीक्षेत प्रमाण भाषेवाचून चालत नाही. ती शिकवण्यासाठीच तर प्राध्यापकाला पगार आहे, हसण्यासाठी नाही.

दुसरं म्हणणं असं की, वेगळेपणाचा उच्चार केला की फूट पडते. वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात आडनावावरून माणूस हेरला जातो, तेव्हा कुणी काय उच्चारलेलं असतं? विद्यापीठ अनुदान आयोगाला 2012 साली समतेचे विनियम करावे लागले, ते काही हौसेखातर नाही.

अर्थात स्नेहसंमेलनात दहा मिनिटांचं दंडार-लोकनाट्य बसवलं आणि फेटे बांधून फोटो काढले, म्हणजे विविधता जपली असं मानणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी भंडारा-गोंदियाकडच्या झाडीबोलीचा रीतसर अभ्यास उभा केला. वर्गातल्या झाडीबोलीला मात्र अजून खाली मान घालून बसावं लागतं.

जे बोलीचं, तेच गावाकडच्या ज्ञानाचं. भंडारा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने तलावांच्या पाळी बांधल्या, मच्छीमार ढिवरांनी मासे राखले. 1951 मध्ये मालगुजारी गेली आणि हे तलाव ‘मामा’, म्हणजे माजी मालगुजारी, झाले. पुढे बेशरमीच्या झुडपांनी काठ व्यापले, देशी मासे घटले. तेव्हा भंडारा-गोंदियातल्या काही तलावांत ढिवर बायांनी बेशरम मुळासकट उपटली आणि चिखलात उतरून देशी पाणवनस्पती लावल्या. कोणत्या वनस्पतीच्या आडोशाला कोणता मासा अंडी घालतो, हे त्यांना ठाऊक होतं. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्याच माशांपैकी मरळ बरणीत असते, लॅटिन नावाची चिठ्ठी लावून. त्या ढिवर घरातला विद्यार्थी शेवटच्या बाकावर बसून ते नाव पाठ करत असतो आणि त्याला माशाबद्दल कुणी काही विचारत नाही. नुकसान त्याचं होतंच, पण विषयाचं जास्त होतं.

विद्यापीठाला गावात उतरता येत नाही असंही नाही. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ पुरातत्त्व खात्याबरोबर पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर उतरलं आणि तिथला बौद्ध स्तूप उजेडात आला. दगडांवर कोरलेली दात्यांची नावं तेव्हा अक्षर न् अक्षर लावून वाचली गेली. मेलेल्यांच्या वाट्याला आलेली ही आस्था जिवंतांनाही मिळावी, एवढंच मागणं आहे.

नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्टला क्रेडिट आहे. ते झेरॉक्सच्या दुकानात तयार होण्याऐवजी बोडीवर, म्हणजे गावच्या लहान तळ्यावर, व्हावं, तोंडी परीक्षाही तिथेच घ्यावी आणि उत्तर झाडीबोलीत चालावं. बाह्य परीक्षक म्हणून ढिवर बाईची सही चालेल का, हा विषय अभ्यास मंडळाने पुढच्या बैठकीत घ्यावा. मानधनासकट.