शोकात्म कादंबरी आणि शालेय वय

शोकात्म कादंबरी, म्हणजे प्रमुख पात्राच्या विनाशात शेवट होणारी कादंबरी, शाळेत शिकवू नये असे मानणारे दोन कारणे देतात: कोवळ्या मनावर दुःखाचे ओझे पडते, आणि अनुभवाअभावी अशी कृती त्या वयात कळत नाही, म्हणून ती मोठेपणी वाचावी. हा पूर्वपक्ष, म्हणजे खंडनापूर्वी मांडावयाचे प्रतिपक्षाचे म्हणणे, सद्हेतूचा असला तरी टिकणारा नाही.

पहिल्या कारणात मुलांना दुःखाची ओळख नसते असे गृहीत धरले आहे. कोल्हापूरच्या कसबा बावड्यात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ४३ फुटांच्या धोका पातळीकडे चढू लागली की घरोघरी काळजी पसरते, आणि २०१९ चा महापूर पाहिलेल्या मुलांना संकटाची ओळख पुस्तकाने करून द्यावी लागत नाही. दुःखाची कारणे शोधण्याची दृष्टी मात्र पुस्तकातून मिळते. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः आली. तिच्यात स्वतःची कहाणी सांगणाऱ्या यमुनेचे वैधव्य दैवाधीन आहे, परंतु तिचे बळजबरीने झालेले केशवपन हे माणसांचे कृत्य आहे. हा भेद ओळखणारा विद्यार्थी खचण्याऐवजी प्रश्न विचारू लागतो. बावड्यातीलच लक्ष्मी-विलास राजवाड्यात १८७४ मध्ये जन्मलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये विधवाविवाहास कायद्याचे बळ दिले, हे त्या कादंबरीसोबत शिकवले तर माणसांनी लादलेले दुःख माणसांनाच निवारता येते, हे त्याला उमगते.

दुसऱ्या कारणात अर्धे सत्य आहे. पंधराव्या वर्षी वाचकाला यमुनेचा छळ दिसतो, तर चाळिशीत तिच्या मुंबईतील अल्पकालीन सुखाची प्रकरणे अधिक अस्वस्थ करतात, कारण त्या सुखाचे मोल तोवर वाचकाला कळलेले असते. परंतु पुनर्वाचनासाठी आधी वाचन झालेले असावे लागते, आणि शाळा सुटल्यावर ग्रंथालयाची पायरी न चढणाऱ्या अनेकांना ती संधी वर्गातच मिळू शकते.

खरा दोष अध्यापनपद्धतीत आहे. पाठ्यपुस्तकात कादंबरीचा बहुधा उताराच येतो आणि ठरावीक प्रश्नोत्तरांत तो संपतो, त्यामुळे दुःख तेवढे लक्षात राहते आणि त्यामागील कारणपरंपरा हरवते. म्हणून वरच्या इयत्तांत दरवर्षी एक तरी शोकात्म कादंबरी गुणांच्या धाकाविना संपूर्ण वाचून घ्यावी आणि तिच्यावर मोकळी चर्चा घडवावी. दुःख कोठून येते हे ओळखण्याची बुद्धी माणसाला आयुष्यभर पुरते, आणि ती घडवण्याचे कर्तव्य शाळेने मोठेपणावर ढकलू नये.