पाहुणा परदेशी, जबाबदारी यजमानाची

आषाढ वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर असा प्रवास करीत सराटीला पोहोचते. या वाटेवर टाळकऱ्यांसोबत चालणारा परदेशी पाहुणा आता नवलाचा राहिलेला नाही. हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरले, की भिगवण आणि कुंभारगावच्या होड्यांतूनही परदेशी पर्यटक दिसतात. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातील भाजीपाला प्रकल्पामुळे नेदरलँड्सशी संबंध जुळले आहेत. परदेशी शिकणाऱ्या मुलांचे मित्र तर आता गावोगावी आहेत. ‘पुढच्या वारीला या’ असे आमंत्रण सहज दिले जाते. मात्र आमंत्रण यजमान देत असला, तरी प्रवेश सरकार देते, आणि या दोहोंमधल्या कागदपत्रांत यजमानाचीही भूमिका असते.

मुलांकडे अमेरिकेला किंवा इंग्लंडला जाऊन आलेल्या पालकांना बँकेचे दाखले आणि हमीपत्रे यांचा अनुभव असतो. त्यामुळे परदेशी मित्राला बोलावतानाही तसेच काही करावे लागेल, असा त्यांचा समज होतो. प्रत्यक्षात भारताचा मार्ग पुष्कळ सोपा झाला आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये ४३ देशांच्या नागरिकांसाठी सुरू झालेली ऑनलाइन व्हिसाची सोय आज दीडशेहून अधिक देशांना लागू आहे. पर्यटनासाठीचा ई-व्हिसा ३० दिवसांचा, एक वर्षाचा किंवा पाच वर्षांचा मिळतो, आणि मित्र वा नातेवाइकांची भेट हा त्याचा मान्य हेतू आहे. किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट, त्याच्या माहितीच्या पानाची प्रत आणि छायाचित्र एवढ्यावर सर्वसाधारणपणे अर्ज करता येतो. ३० दिवसांच्या व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीस दिवस आधीपासून भरता येतो. दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी ही सवलत १२० दिवसांची आहे. पाकिस्तानी नागरिकांना मात्र ही सोय नाही. त्यांना वेगळ्या मार्गाने अर्ज करावा लागतो.

यजमानाची खरी मदत तीन ठिकाणी होते. अर्जात भारतातील परिचिताचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी विचारला जातो. तो अचूक कळवणे ही पहिली. सरकारी संकेतस्थळाशी साधर्म्य असलेल्या, जादा पैसे उकळणाऱ्या खासगी संकेतस्थळांपासून मित्राला सावध करणे ही दुसरी, कारण अर्ज नामंजूर झाला तरी भरलेले शुल्क परत मिळत नाही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची मदत म्हणजे येण्याचा हेतू खरा सांगायला लावणे.

वारी पाहायला येणारा पर्यटक ठरतो. परंतु तिच्यावर चित्रपट वा वृत्तांकन करायचे असेल, प्रबंधासाठी मुलाखती घ्यायच्या असतील किंवा कृषी परिषदेत निबंध वाचायचा असेल, तर व्हिसाचा प्रकार बदलतो. ‘पर्यटनाचाच घे, कोण विचारते’ हा सल्ला प्रेमापोटी दिला जातो, पण तो पाहुण्याच्याच मुळावर येऊ शकतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये लंडनस्थित हिंदी अभ्यासक फ्रांचेस्का ओर्सिनी यांना पाच वर्षांचा ई-व्हिसा असतानाही दिल्ली विमानतळावरून परत पाठवण्यात आले. आधीच्या भेटीत व्हिसाच्या अटींचा भंग झाल्याचे सरकारी सूत्रांनी सांगितले; आपल्याला कोणतेही कारण देण्यात आले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. या निर्णयावर टीका झाली आणि ती गैरवाजवी नव्हती. वारीचा आणि विठ्ठल संप्रदायाचा अभ्यास जगापुढे नेण्यात फ्रान्सचे गी द्ल्यूरी आणि जर्मनीचे गुंथर सोन्थायमर यांचा वाटा मोठा आहे. अभ्यासकांच्या वाटेत काटे पेरणे महाराष्ट्राला परवडणारे नाही. पण धोरण बदलेपर्यंत चुकीच्या रकान्यातील एका खुणेची किंमत पाहुण्यालाच मोजावी लागते.

पाहुणा घरी पोहोचल्यावरही यजमानाचे काम संपत नाही. परदेशी व्यक्ती मुक्कामाला आल्यापासून २४ तासांत तिची माहिती ऑनलाइन कळवावी लागते. ‘सी फॉर्म’ या नावाने परिचित असलेले हे बंधन केवळ हॉटेलांपुरते नाही. घरी पाहुणा ठेवणाऱ्यालाही ते लागू होते. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या स्थलांतर आणि परदेशी नागरिक कायद्याने १९४६ चा जुना कायदा रद्द केला, तरी हे कर्तव्य कायम ठेवले आहे. पुण्यातील मोठ्या हॉटेलात ते रोजच्या सवयीने पार पडते. निमगाव केतकीच्या घरात किंवा भिगवणच्या निवासी न्याहारी केंद्रात मात्र अनेकांना त्याची गंधवार्ताही नसते. वारीत तर मुक्काम रोज बदलतो, कधी शाळेत, कधी राहुटीत. मग माहिती द्यायची कोणी, हा प्रश्न उभा राहतो.

यावर उपाय अवघड नाही. पालखीच्या काळात आरोग्य आणि पाण्याची केंद्रे उभी राहतात, तसाच परदेशी पाहुण्यांच्या नोंदणीचा कक्ष बारामती आणि इंदापूरला सुरू करता येईल. एरवी तालुक्याच्या पोलीस ठाण्यात ही माहिती भरून देणारा एक जाणकार कर्मचारी असला, तरी पुरे. नियम मोडण्याचा हेतू नसलेल्या माणसाला केवळ अज्ञानापायी दोषी ठरवणे शासनाच्याही हिताचे नाही. तोपर्यंत आमंत्रण देणाऱ्यानेच घोंगडीबरोबर नोंदणीचीही तयारी ठेवावी. तेही आतिथ्यच आहे.