दोषी कोण, ते जरा राहू द्या!

भारतातल्या कुणालाही रेनोच्या अपघाताबद्दल सांगायला लागलं की पाचव्या मिनिटाला प्रश्न येतोच, "मग अटक कुणाला झाली?" गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की आता त्याबद्दलच लिहायचं ठरवलं. पण आधी रेनो म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्याकडे हे प्रकरण फारसं कुणाला माहीत नाही.

रेनो हे नेवाडा राज्यातलं वाळवंटी गाव. कॅसिनोंसाठी प्रसिद्ध, लास व्हेगासचा गरीब भाऊ म्हणा हवं तर. इथे १९६४ पासून २०२३ पर्यंत (२००१ आणि २०२० ही दोन वर्षं सोडून) दर सप्टेंबरला विमानांच्या शर्यती व्हायच्या. त्यातला सगळ्यात मोठा गट दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासच्या लढाऊ विमानांचा. मस्टँग, बेअरकॅट, सी फ्युरी अशी ऐंशी-ऐंशी वर्षांची म्हातारी विमानं. आपल्याकडे हौशी लोक जुन्या फियाट आणि जावा सांभाळतात, तसे इथले हौशी लोक ही विमानं सांभाळतात. फरक इतकाच की त्यांची इंजिनं आणखी ताकदवान करतात, पंख कापून आखूड करतात आणि खांबांना वळसे घालत जमिनीलगत ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास पळवतात.

१६ सप्टेंबर २०११. 'गॅलपिंग घोस्ट' नावाचं पी-५१ मस्टँग, वैमानिक जिमी लीवर्ड, वय वर्षं ७४. तिसऱ्या फेरीत, तिसऱ्या क्रमांकावर असताना विमान एकाएकी वर उसळलं, उलटं झालं आणि सरळ प्रेक्षकांच्या खुर्च्यांपुढे येऊन आदळलं. वैमानिक आणि दहा प्रेक्षक गेले, साठाहून अधिक जखमी झाले.

आता हे घडलं कशामुळे? एका नटमुळे. म्हणजे फक्त नटमुळे नाही, पण सुरुवात तिथून आहे.

विमानाच्या शेपटीला जी आडवी पट्टी वरखाली होते तिला एलेव्हेटर म्हणतात. तिच्या मागच्या कडेला आणखी एक छोटी पट्टी असते, ट्रिम टॅब. ती स्क्रूंनी बसवलेली असते आणि त्या स्क्रूंना लॉकनट असतात. नटच्या आत एक मऊ कडं असतं, ते स्क्रूला आवळून धरतं आणि कितीही थरथर झाली तरी नट ढिला होऊ देत नाही. भोसरी-चाकणच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये जा, नायलॉक नट म्हटलं की पोरगा काढून देईल. तिथला प्रत्येक फिटर हेही जाणतो की हा नट जुना झाला की त्यातलं कडं पकड सोडतं. आणि तरीही "पकडतोय की अजून, लाव" म्हणून तोच पुन्हा लावला जातो. घोस्टच्या नटांमधली कडी अशीच जुनी, झिजलेली होती. स्क्रू सैल झाले, त्यातल्या एकाला तडाही गेला. ट्रिम टॅबमधला ताठपणा गेला. मग शर्यतीच्या वेगाला ती पट्टी फडफडायला लागली. ट्रकवरची ताडपत्री एका कोपऱ्यात सुटली की कशी फडफडते आणि मग सगळी दोरीच तोडून टाकते, अगदी तसंच. याला आमच्या भाषेत फ्लटर म्हणतात आणि हे प्रकरण सुरू झालं की शेवट व्हायला सेकंदही लागत नाही. पट्टीचे दुवे तुटले, विमान वर उसळलं आणि वैमानिकावर १७ जी इतका भार आला. सत्तर किलोचा माणूस अशा वेळी बाराशे किलोचा होतो आणि मेंदूतलं रक्त खाली ओढलं जातं. लीवर्ड यांनी पुढचं काही केलं नाही, कारण करायला ते शुद्धीवरच नव्हते.

हे सगळं शोधून काढलं एनटीएसबीने, म्हणजे इथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने. विमानाचा तर चुरा झाला होता. तेव्हा प्रेक्षकांनी काढलेले फोटो आणि व्हिडिओ गोळा केले, विमानातून जमिनीवरच्या टीमकडे येणारी आकडेवारी तपासली, तुटके स्क्रू प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. एप्रिल २०१२ मध्ये, म्हणजे कारण जाहीर व्हायच्याही आधी, त्यांनी शिफारशी काढल्या: बदल केलेल्या विमानांची इंजिनियरकडून तपासणी, मार्गाची आखणी, वैमानिकांना जी-भाराचं प्रशिक्षण, धावपट्टीजवळच्या इंधनाच्या टँकरची जागा, वगैरे. अंतिम निष्कर्ष ऑगस्ट २०१२ मध्ये. एका वर्षाच्या आत! आणि त्या निष्कर्षात नटबरोबर बाकीचंही आलं. विमानात मोठे बदल केले होते, त्यांची नीट नोंद नव्हती, चाचणी नव्हती. उजवी ट्रिम टॅब जागेवर पक्की करून टाकली होती, त्यामुळे सगळा भार डावीवर. आणि त्या दिवशीचा वेग त्या अवतारात त्या विमानाने आधी कधी नीट तपासून पाहिलेला नव्हता.

आता अटकेच्या प्रश्नाकडे येऊ. एनटीएसबीला कुणाला अटक करण्याचा अधिकारच नाही. दंड करायचा नाही, लायसन काढून घ्यायचं नाही. इतकंच काय, त्यांचा निष्कर्ष नुकसानभरपाईच्या दाव्यात पुरावा म्हणून वापरायला इथल्या कायद्याने बंदी आहे. हे ऐकलं की आमचे मित्र खवळतात. "म्हणजे दात नसलेला वाघच की!" अहो, दात नाहीत म्हणूनच तर मेकॅनिक त्यांच्यापुढे तोंड उघडतो. समोरचा माणूस खिशात बेड्या घेऊन बसला असेल तर कुठला फिटर सांगेल की नट जुनाच होता? ज्याला शिक्षा करायची असेल त्याने जरूर करावी. पोलीस आहेत, कोर्ट आहे, रेनोच्या बाबतीत भरपाईचे दावेही झाले. पण ते टेबल वेगळं असू द्या.

आपल्याकडे टेबल एकच. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं मेली. पूल अरुंद आहे हे खासदारांनी पत्रं लिहून आधीच कळवलं होतं, रोज जाणारा प्रत्येक मुंबईकर ते जाणत होता. आणि पश्चिम रेल्वेच्या चौकशीत कारण काय निघालं? मुसळधार पाऊस! मुंबईत पाऊस पडला, हे कारण. मग लष्कराने पाचेक महिन्यांत नवा पूल उभा केला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि विषय संपला. पत्रं आल्यावर ती कुठल्या टेबलावर अडली, का अडली, गर्दीचं माप कुणी घेत होतं का, हे प्रश्न तसेच राहिले. ते विचारले असते तर दुसऱ्या शंभर पुलांबद्दल काही शिकता आलं असतं.

"कठोर कारवाई करू" हे वाक्य राज्यकर्त्यांना इतकं का आवडतं, याचा विचार केलाय? कारण ते स्वस्त आहे. एक ज्युनियर इंजिनियर निलंबित केला की फाईल बंद. आपण ओरडून ओरडून दोषी मागतो आणि ते आनंदाने एक काढून देतात. जून २०२५ मध्ये अहमदाबादला एअर इंडियाचं विमान पडलं. महिन्याभराने पंधरा पानांचा प्राथमिक अहवाल आला आणि त्याच रात्री चॅनेलवाल्यांनी निकाल देऊन टाकला. कुणी वैमानिकाला सुळावर दिलं, कुणी बोइंगला. प्राथमिक या शब्दाचा अर्थ कुणालाच ऐकायचा नव्हता. गंमत म्हणजे विमान अपघातांपुरता आपला नियमही हेच सांगतो की चौकशीचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा आहे, दोष चिकटवणं हा नाही. आंतरराष्ट्रीय करारामुळे तो आपल्याला घ्यावा लागला. पुलांना, होर्डिंगना आणि जत्रांना असा करार नाही.

आता, इकडचं सगळं सोन्याचं असं म्हणणाऱ्यातला मी नाही. रेनोची खरी लाजिरवाणी गोष्ट तर पुढेच आहे. १९९८ साली याच रेनोत 'वूडू' नावाच्या मस्टँगची हीच डावी ट्रिम टॅब निखळली होती. वैमानिक बॉब हॅना दहा जीच्या वर भाराने बेशुद्ध पडला. शुद्धीवर आला तेव्हा विमान ९,००० फुटांवर होतं. तो सुखरूप उतरला. आणि सुखरूप उतरला हेच वाईट झालं म्हणायचं! कारण मग त्याचा किस्सा झाला. तेच विमान डावी-उजवीकडे कुठेही उसळू शकलं असतं. तेरा वर्षांनी तसंच एक दुसरं विमान खुर्च्यांकडे उसळलं.

त्याच्याही मागे जायचं तर १९४९ साली क्लीव्हलंडच्या शर्यतीत बिल ओडम यांचं मस्टँग बेरिया गावातल्या एका घरावर पडलं. आई आणि तिचं तान्हं बाळ गेलं. त्या शर्यती बंद पडल्या. रेनोत १९६४ पासून शर्यती सुरू झाल्या आणि २०११ पर्यंत तिथे एकही प्रेक्षक मेला नव्हता. ४७ वर्षं! आयोजकांच्या दृष्टीने हाच सुरक्षिततेचा पुरावा. "इतकी वर्षं कुठं काय झालं?" हे वाक्य इंग्रजीतही तितक्याच सफाईने बोलतात, याची नोंद घ्यावी. वैमानिकाला धोका ठाऊक असतो, त्याने तो पत्करलेला असतो. पण तिकीट काढून बसलेल्या माणसाची समजूत अशी असते की कुणीतरी याचा हिशोब केला असेल.

आपल्या घरचंच उदाहरण घ्या. कोझिकोडच्या डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीबद्दल कॅप्टन मोहन रंगनाथन यांनी २०११ मध्येच सांगून ठेवलं होतं: पावसात, मागून वारा असताना १० नंबरच्या धावपट्टीवर उतरणं धोक्याचं आहे. त्याच्या आदल्या वर्षी मंगळूरला तसल्याच धावपट्टीवरून विमान कोसळून १५८ माणसं गेली होती आणि त्या चौकशीचे प्रमुख आपले एअर मार्शल भूषण गोखले होते. म्हणजे माहिती होती, माणसं होती, अहवाल होता. मधली नऊ वर्षं विमानं उतरत राहिली. ७ ऑगस्ट २०२० ला कॅप्टन दीपक साठे यांचं विमान पावसात, मागच्या वाऱ्यात, त्याच १० नंबरवर उतरलं आणि पुढे दरीत गेलं. २१ मृत्यू, त्यात साठेही. अहवालात वैमानिकाने ठरलेली पद्धत पाळली नाही असं आलं, यंत्रणेतल्या त्रुटींचाही उल्लेख आला. आपल्या वर्तमानपत्रांनी मथळ्यात काय घेतलं ते वेगळं सांगायला नको.

रेनोत २०१२ च्या सप्टेंबरला पुन्हा शर्यत झाली. ती बंदच करायला हवी होती असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मला ते पटत नाही. पण त्यानंतरही तिथे वैमानिक मरत राहिले, हे लपवण्यात अर्थ नाही. २०२२ मध्ये एक जेट पडलं. २०२३ मध्ये, रेनोतल्या शेवटच्या शर्यतींच्या शेवटच्या दिवशी, शर्यत संपवून उतरायला येणारी दोन टी-६ विमानं एकमेकांवर आदळली आणि दोघेही वैमानिक गेले. २०२५ पासून शर्यती न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेलला गेल्या. २०११ नंतर रेनोतल्या शर्यतीत प्रेक्षक मात्र एकही मेला नाही. आणि घोस्टच्या त्या तुटक्या स्क्रूचा प्रयोगशाळेतला अहवाल कुणालाही पाहायला खुला आहे. अर्ज नाही, माहिती अधिकार नाही, कुणाची ओळख नाही. भोसरीतल्या फिटरनेही वाचावा असा आहे.